कांदाचाळीचा प्रकल्प आणि ग्रंथालयातलं टेबल: एक प्रकरण अभ्यास

"ताई, तुम्ही नुसतं शुद्धलेखन बघून द्या. उद्या सरांना दाखवायचंय."

असं म्हणत तिनं पिशवीतून स्पायरल बाइंडिंग केलेली प्रत काढून माझ्यासमोर ठेवली. ४२ पानं. शीर्षक होतं 'कांदा साठवणूक : समस्या व उपाय'. माझ्या हातात लाल पेन होतं. पहिल्या पानावरच्या दोन वेलांट्या मी दुरुस्तही केल्या आणि मग थांबले. वेलांट्या सुधारून त्या पानांचं काही भलं होणार नव्हतं.

हे प्रकरण मी तिच्या परवानगीनं लिहिते आहे. तिचं, मार्गदर्शक सरांचं आणि महाविद्यालयाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. आम्ही दोघी तेव्हा एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, ती अर्थशास्त्राला आणि मी मराठीला. मधे काही वर्षं माझं शिक्षण सुटलं होतं, त्यामुळे मी वयानं मोठी. म्हणून ते 'ताई' आणि 'तुम्ही'.

टेबलाबद्दल थोडं

आमचं महाविद्यालय नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला संशोधन प्रकल्प आला, तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्या सत्रात ६ श्रेयांकांचा. तोवर आमच्यापैकी बहुतेकांनी आयुष्यात स्वतःचं असं दहा पानंही लिहिलेली नव्हती. परीक्षेत उत्तरं लिहिली होती, पण ते वेगळं. प्रकल्प सुरू झाल्यावर मुलं झेरॉक्सच्या दुकानात जुने प्रकल्प शोधायला लागली. ते पाहून इंग्रजीच्या मॅडमनी ग्रंथालयाच्या कोपऱ्यातलं एक टेबल मागून घेतलं, आम्हा तिघांना दोन आठवडे शिकवलं आणि आठवड्यातून दोन दुपारी तिथे बसवलं. लिखाणात अडलेल्या कुणीही यावं. आम्ही गुण देत नाही, सही करत नाही, सरांना चुगली करत नाही.

मॅडमनी पहिल्या दिवशी न्यूयॉर्कची गोष्ट सांगितली होती. तिथल्या सिटी युनिव्हर्सिटीनं १९७० मध्ये प्रवेशाची दारं सगळ्यांना उघडली आणि शाळेत लिखाणाची फारशी सवय न लागलेली हजारो मुलं वर्गात आली. मदतीची सोय केली, तरी बरीच मुलं तिकडे फिरकेनात. ती मदत त्यांना वर्गाचंच शेपूट वाटायची. ब्रुकलिन कॉलेजमधले केनेथ ब्रफी यांनी मग विद्यार्थ्यांनाच विद्यार्थ्यांच्या मदतीला बसवलं. बरोबरीच्या माणसाशी बोलता बोलता विचार सुधारतो आणि लिहिणं हे त्याच बोलण्याचं पुढचं रूप आहे, हे त्यांचं म्हणणं. मला ते तेव्हा नुसतं ऐकायला छान वाटलं होतं. खरं काय ते या प्रकरणात कळलं.

पहिली भेट : हा आकडा कुणाचा?

शुद्धलेखन बाजूला ठेवून मी तिला पहिला परिच्छेद मोठ्यानं वाचायला सांगितला. तो असा होता:

'कांदा हे एक महत्त्वाचे नगदी पीक असून भारतीय अर्थव्यवस्थेत कांद्याला अनन्यसाधारण महत्त्व आहे. कांदा साठवणुकीमध्ये ३० ते ४० टक्के नुकसान होते. सदर नुकसान टाळण्यासाठी शास्त्रशुद्ध पद्धतीने साठवणूक करणे ही काळाची गरज आहे.'

"यातलं 'काळाची गरज' कुणी म्हटलंय?" मी विचारलं.

"सगळेच म्हणतात."

"आणि ३० ते ४० टक्के?"

ती गप्प. पुढच्या पानावर तेच नुकसान २५ टक्के झालं होतं आणि पंधराव्या पानावर पुन्हा ४०. तीन ठिकाणांहून उचललेला मजकूर तिनं एकाखाली एक जोडला होता. काही भाग जुन्या प्रकल्पातून, काही इंग्रजी लेखांचा मोबाइलवर केलेला अनुवाद, आणि उपाययोजनांचं प्रकरण चॅटजीपीटीला विचारून. हे तिनं स्वतःहून सांगितलं, आणि सांगताना तिला रडू येत होतं. मुलं हे फसवायला म्हणून करत नाहीत, असं मी टेबलावर बसून ठामपणे सांगू शकते. संशोधन म्हणजे मोठ्या लोकांनी लिहिलेलं गोळा करणं, असाच त्यांचा समज असतो, आणि तो समज आपणच त्यांना दिलेला असतो.

नियम मात्र तिला समजावून सांगणं भाग होतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. १० ते ४० टक्के साम्य असलं तर प्रबंध सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावा लागतो, ४० ते ६० टक्क्यांना एक वर्ष थांबावं लागतं आणि ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगानं आलेलं साम्य त्यात धरत नाहीत. हे ऐकल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "मग मी दर बारा शब्दांनी एक शब्द बदलला तर?" प्रश्न प्रामाणिक होता. मीही प्रामाणिकपणे सांगितलं की साम्य तपासणाऱ्या यंत्राच्या हातून ते कदाचित सुटेल. अनुवाद केलेला मराठी मजकूर तर यंत्राच्या हातून अनेकदा सुटतोच. पण तोंडी परीक्षेत समोर यंत्र नसतं, माणूस असतो.

दुसऱ्या दिवशी तिनं ती प्रत सरांना दाखवली नाही. आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

दुसरी भेट : 'कांदा बरा करणे'

प्रकरण फिरलं ते इथे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तिच्या चौदाव्या पानावर एक वाक्य होतं: 'साठवणुकीपूर्वी कांदा बरा करणे अत्यंत आवश्यक आहे.' मी चिपळूणकडची. कांदा मला फक्त स्वयंपाकघरातला माहीत. मला वाटलं, कांद्याला काही रोग पडतो आणि त्यावर औषध मारतात. मी तसं विचारलं. तिलाही उत्तर देता येईना. मग आम्ही दोघींनी मूळ इंग्रजी लेख उघडला. तिथे शब्द होता 'क्युअरिंग'. अनुवादाच्या यंत्रानं दवाखान्यातला अर्थ लावला होता.

पुढचे दोन परिच्छेद आम्ही शब्दकोश घेऊन वाचले. काढणीनंतर पातीसह शेतात पसरून ठेवणे, मान सुकू देणे, सालीला रंग येऊ देणे. वाचता वाचता ती एकदम म्हणाली, "अहो ताई, हे तर आम्ही करतोच! कांदा उपटला की पातीसकट तीन-चार दिवस वावरात पडू देतो. एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल असं पसरायचं, म्हणजे उन्हाचा चटका लागत नाही. मग मान ठेवून पात कापायची. मान अगदी मुळाशी कापली की तिथनंच सड सुरू."

"मान किती ठेवायची?"

तिनं बोटाचं एक पेर दाखवलं. लेखात २ ते २.५ सेंटिमीटर दिलं होतं.

ती त्या सेंटिमीटरकडे आणि मग स्वतःच्या बोटाकडे बघत राहिली. देवळा तालुक्यातलं तिचं गाव, कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यातलं. घरी अहिराणी, शाळा मराठीतली, पदवी मराठी माध्यमातून आणि संदर्भ सगळे इंग्रजीत. घराला लागून वडिलांची चाळ, म्हणजे कांदा साठवायची हवेशीर कोठी. ४२ पानांत त्या चाळीचा एका शब्दानंही उल्लेख नव्हता. "ते कसं लिहिणार? ते तर घरचं आहे," ती म्हणाली.

मी तिला प्रत मिटून ठेवायला सांगितली आणि म्हटलं, "मला काहीच माहीत नाही असं समजून चाळ कशी भरतात ते सांग." समजून घ्यायची गरजच नव्हती, मला खरंच माहीत नव्हतं. तिनं स्वतःच्या फोनवर आवाज रेकॉर्ड करायला लावला आणि पाऊण तास बोलली. उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये भरतात. थर फार उंच गेला की खालच्या कांद्यावर भार येतो आणि मधे ऊब धरते. पाऊस लांबला की काजळी, म्हणजे काळी बुरशी, येते. एक कांदा सडला की त्याचं पाणी आजूबाजूच्यांना लागतं; वास आला की कुठल्या कप्प्यात बिघडलंय ते आईला अंधारातही कळतं. चाळ फोडली की बायका बसून निवडतात. चांगला माल वेगळा, खाद (डागी, हलका माल) वेगळी, सडका उकिरड्यावर. मधेच ती अहिराणीत गेली, 'वजन घटी गयं' म्हणाली, आणि ओशाळून थांबली. मी म्हटलं, थांबू नकोस.

तिथेच तिनं एक गोष्ट सांगितली जी मला कुठल्याच संदर्भात दिसली नव्हती. सडलेला कांदा डोळ्यांना दिसतो म्हणून शेतकरी त्याला नुकसान म्हणतो. वाळून कमी झालेलं वजन दिसत नाही, आणि तेवढ्यात भाव चढला असेल तर ते कुणाच्या हिशोबातही येत नाही. निवडणीची मजुरीही नाही, कारण ती घरच्या बायका करतात.

"हाच तुझा प्रकल्प आहे," मी म्हणाले. उत्साहाच्या भरात म्हणाले, आणि पुढची चूक याच उत्साहातून झाली.

माझी चूक

तिनं रेकॉर्डिंग ऐकून आठ पानं लिहिली. भाषा ओबडधोबड, वाक्यं लांबलचक, पण सगळं तिचं. सरांना दाखवायच्या आदल्या रात्री तिनं मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले: "ताई, सैद्धांतिक चौकट जमत नाहीये." साडेदहा वाजले होते. मी मराठीची विद्यार्थिनी, तरी दोन लेख चाळले आणि दीड पान लिहून पाठवलं. मागणीची अलवचिकता, हंगामी किंमत-चढउतार, साठवणुकीचा संधी-खर्च (एक पर्याय निवडल्यामुळे हातचा गेलेला दुसऱ्या पर्यायाचा फायदा). वाक्यं सुरेख झाली होती. मला समाधान वाटलं होतं.

सरांनी नेमक्या त्या दीड पानाभोवती पेन्सिलीनं रेघ ओढली आणि विचारलं, "संधी-खर्च म्हणजे काय, तुझ्या चाळीचं उदाहरण घेऊन सांग." संकल्पना तिला माहीत होती, बी.ए.पासून शिकलेली होती. पण वाक्य तिचं नसल्यामुळे त्यातून उदाहरणापर्यंत जायची वाट तिला सापडेना. ती उभीच राहिली. सरांनी तिचं उरलेलं लिखाणही त्याच संशयानं वाचलं, ज्यात चाळीची ती आठ पानंही होती. त्यांना दोष देता येत नाही. एका पानावर दुसऱ्याचा हात दिसला की सगळ्याच पानांवर दिसायला लागतो.

त्यानंतर दहा-बारा दिवस ती टेबलाकडे आली नाही. मी मॅडमना जाऊन सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "त्या रात्री तू कुणासाठी लिहीत होतीस?" मग त्या स्वतः सरांशी बोलल्या आणि मीही सरांना भेटून कोणता भाग माझा ते दाखवलं. सरांनी तो भाग काढून टाकायला सांगितला आणि बाकीचं पुन्हा वाचायचं कबूल केलं.

वही

ती परत आली तेव्हा तिच्याबरोबर वडिलांची वही होती. लाल पुठ्ठ्याची, कडा कुरतडलेली. तिच्यात चाळ कधी भरली, कधी फोडली, किती ट्रॉल्या मार्केटला गेल्या, काय भाव पडला, सगळं होतं. ऑगस्ट २०२३ च्या पानावर एका ओळीत एवढंच होतं: '२१ ता. मार्केट बंद. ट्रॉली परत.'

या वेळी आम्ही बसायची जागा बदलली. ती टेबलाच्या आतल्या बाजूला, पेन तिच्या हातात, आणि माझे हात रिकामे. मी फक्त वाचणारी. जिथे कळलं नाही तिथे विचारायचं, वाक्य सुचवायचं नाही. सांगायला सोपं आहे. समोर माणूस एका वाक्यापाशी दहा मिनिटं अडून बसलेला असतो, आपल्याला ते वाक्य दिसत असतं आणि तरी तोंड मिटून ठेवायचं असतं, हे मला फार जड गेलं.

"२१ तारखेला मार्केट का बंद होतं?" मी विचारलं.

तिला माहीत होतं. केंद्र सरकारनं १९ ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं आणि नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमधले लिलाव बंद पडले. ती तारीख तिच्या पहिल्या प्रतीतही होती, 'शासकीय धोरणे' या प्रकरणात, पण परत आलेल्या ट्रॉलीचा तिथे पत्ता नव्हता.

"मग परत आलेल्या कांद्याचं काय झालं?"

"परत चाळीत टाकला. पण एकदा फोडलेला कांदा पुन्हा भरला की टिकत नाही, ताई. हाताळणीत साल निघते. आईनं तो दोनदा निवडला."

"हे लिही."

तिनं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. पाऊण तासानं तयार झालेला परिच्छेद असा:

'१९ ऑगस्ट २०२३ रोजी ४० टक्के निर्यातशुल्क लागू झाले. २१ ऑगस्टला बाजार समिती बंद असल्यामुळे या कुटुंबाची ट्रॉली परत आली. एकदा बाहेर काढलेला कांदा पुन्हा चाळीत भरावा लागला. या कांद्याची निवडणी दोनदा करावी लागली. ही निवडणी घरातील स्त्रियांनी केली असून तिची मजुरी शेतकऱ्याच्या वहीत कोठेही नोंदलेली नाही. म्हणून नोंदवहीतील नुकसान हे प्रत्यक्ष नुकसानापेक्षा कमी दिसते.'

शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर तिनं पेन खाली ठेवलं आणि ते दोनदा वाचलं. मी त्यातला एक शब्दही बदललेला नाही. 'असून' मला खटकतो, पण तो तिचा आहे. याच दुपारी कधीतरी ती मला 'तू' म्हणायला लागली. कधी ते दोघींच्याही लक्षात आलं नाही.

संधी-खर्चाचा परिच्छेद तिनं महिनाभरानंतर स्वतः लिहिला. चाळीत अडकलेला कांदा जूनमध्येच विकला असता तर पेरणीचं कर्ज काढावं लागलं नसतं, या उदाहरणानं. मी लिहिलेल्या दीड पानाचं काम तिच्या सात ओळींत झालं.

घरच्या पुराव्याचा प्रश्न

माझ्या आवाक्याबाहेरचं बरंच होतं. नमुना निवड, कोष्टकं, सरासरी काढायची की मध्यक, यातलं काही आलं की मी तिला सरांकडे पाठवत असे. प्रत्येक भेटीनंतर आम्ही एका कागदावर चार ओळी लिहायचो: आज कशावर बोललो, काय तिनं बदललं, काय राहिलं. तिच्या संमतीनं त्याची प्रत सरांकडे जायची. संशय फिटला तो या कागदांनी, माझ्या माफीनं नव्हे.

वडिलांची वही वापरायची की नाही, यावर मात्र आम्ही तिघं बराच वेळ अडलो. घरचा माणूस नमुन्यात घेतला तर निष्कर्ष आपल्याला हवे तिकडे झुकतील, ही सरांची भीती रास्त होती. वही सोडून द्यायची तिची तयारी नव्हती. शेवटी वही मुख्य नमुन्यातून बाहेर ठेवायची, स्वतंत्र प्रकरणात 'संशोधकाच्या कुटुंबाची नोंद' असं उघड लिहून मांडायची, आणि निवडणीच्या मजुरीचा प्रश्न मग गावातल्या इतर चाळवाल्यांना विचारायचा, असं ठरलं. प्रश्नावलीत एक प्रश्न वाढला: 'निवडणी कोण करतं, किती दिवस, आणि मजुरी धरता का?' ती सांगते, हा प्रश्न विचारला की पुरुष हसायचे आणि आतून एखादी बाई उत्तर द्यायला बाहेर यायची.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तेच विचारलं: "स्वतःच्या वडिलांची वही पुरावा कशी काय?" मी दाराबाहेर होते, आवाज ऐकू येत होता. ती म्हणाली, "सर, ती मी पुरावा म्हणून नाही घेतली. तिच्यात काय लिहिलेलं नाही ते बघायला घेतली."

प्रकल्पात त्रुटी राहिल्या. संदर्भसूचीत दोन पद्धतींची सरमिसळ आहे, एका कोष्टकात क्विंटल की टन ते दिलेलं नाही, आणि परीक्षकांनी दोन्हींवर बोट ठेवलं. ऋणनिर्देशात तिनं आमच्या टेबलाचं नाव घातलं. काय मदत झाली तेही स्पष्ट लिहायला मॅडमनी सांगितलं होतं, आणि तिनं लिहिलं: 'प्रश्न विचारल्याबद्दल'.

व्हॉट्सॲपवर मजकूर घेणं-देणं आता टेबलानं बंद केलं आहे. त्याची एक बाजू मला अजून टोचते. टेबल दोन ते पाच असतं, आणि कळवण-देवळ्याकडच्या मुलींची एसटी चारला सुटते. त्या रात्री साडेदहाला तिनं फोटो पाठवले, कारण दुपारी तिला बसायला वेळच मिळाला नव्हता. टेबल सकाळी अकराला सुरू करावं असा अर्ज आम्ही दिला आहे. ग्रंथालयात सकाळी त्या कोपऱ्यात वर्तमानपत्रं ठेवतात, म्हणून तो अडला आहे. वर्तमानपत्रांचा स्टँड दाराजवळ हलवता येईल का, ते या आठवड्यात मोजून बघणार आहोत.